सीएमएमवर नवा माणूस तयार करताना: प्रशिक्षणाचा क्रम आणि तपशील

चाकण, भोसरी, वाळूज, अंबड किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मध्यम कारखान्यात सीएमएम, म्हणजे वस्तूला जागोजागी स्पर्श करून तिची मापे काढणारे कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन, बसवले जाते तेव्हा विकणाऱ्या कंपनीचा अभियंता काही दिवस थांबून सॉफ्टवेअर शिकवून जातो. शिकलेल्या दोघांपैकी एक जण पुढे जास्त पगारावर दुसरीकडे जातो, उरलेला दुसऱ्या पाळीतल्या मुलाला कोणत्या बटणानंतर कोणते बटण दाबायचे ते दाखवतो, आणि तो मुलगा पुढच्याला तेवढेच दाखवतो. यंत्र चालू राहते, रिपोर्ट छापले जातात, ग्राहकाकडे जातात. पण अमुक आकडा असा का आला, हे सांगू शकणारा माणूस त्या खोलीत उरत नाही. अशा प्रशिक्षणाची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलेल्या क्वालिटी विभागातील पर्यवेक्षकांसाठी हा लेख आहे.

या यंत्राचा एक स्वभाव सुरुवातीलाच ध्यानात घ्यावा. त्याला आकडा देता आला नाही, असे सहसा घडत नाही. जॉब, म्हणजे मोजायचा तुकडा, गरम असो, त्याखाली धातूची बारीक चिप अडकलेली असो, डेटम, म्हणजे माप जिथून धरायचे तो आधार, चुकीचा धरलेला असो, पडद्यावर दशांशचिन्हानंतर तीन-चार स्थळांपर्यंत नीटनेटका आकडा येतोच. मायक्रोमीटर तिरका धरला गेला तर सवयीच्या हाताला ते जाणवते. इथे हाताला काहीच जाणवत नाही. त्यामुळे आकडा काढायला शिकवणे हा प्रशिक्षणाचा लहान भाग आहे आणि आलेल्या आकड्यावर योग्य ठिकाणी शंका घ्यायला शिकवणे हा मोठा. पुढील सगळा क्रम या समजुतीवर आखलेला आहे, आणि म्हणूनच सॉफ्टवेअर त्यात बरेच उशिरा येते.

उदाहरणासाठी संपूर्ण लेखात एकच जॉब घेतला आहे: ॲल्युमिनियमचे मशीन केलेले गिअरबॉक्स हाउसिंग, ज्यात ६२०६ क्रमांकाच्या बेअरिंगसाठी ६२ मिमी व्यासाचा एच-७ या मुभेच्या वर्गातला बोअर (गोल छिद्र) आहे. ६२ मिमीला एच-७ म्हणजे ६२.००० ते ६२.०३० मिमी, अर्थात एकूण ३० मायक्रॉनची मुभा. प्रशिक्षणासाठी असा एखादा जॉब कायमचा बाजूला काढून ठेवावा आणि त्यावर ‘प्रशिक्षण’ असे ठळक लिहावे, नाहीतर तो एके दिवशी डिस्पॅचच्या क्रेटमध्ये सापडतो.

माणूस निवडताना

संगणक सराईतपणे हाताळणारा मुलगा सीएमएमसाठी योग्य, असा एक समज आहे. माझे मत वेगळे आहे. आयटीआयमधून फिटर, टर्नर किंवा मशिनिस्टचा अभ्यासक्रम केलेला आणि सरफेस प्लेटवर हाइट गेज घेऊन काम केलेला कर्मचारी सॉफ्टवेअर सावकाश शिकतो, पण जॉब कसा बनतो आणि कुठे बिघडतो हे त्याला ठाऊक असते. ही जाण नसलेल्याला ती नंतर देणे फार अवघड जाते.

निवडीसाठी लेखी परीक्षेची गरज नाही. एक ग्राइंड केलेली पिन, एक मायक्रोमीटर आणि एक ड्रॉइंग समोर ठेवावे आणि व्यास पाच वेळा मोजून लिहायला सांगावे. मोजण्याआधी तो मायक्रोमीटरचे अँव्हिल पुसतो का, शून्य तपासतो का, रॅचेट वापरतो की थिंबलच आवळतो, आणि पाच वाचनांत फरक आला तर तो फरक तसाच लिहितो की पाचही आकडे सारखे करून देतो, हे पाहावे. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे, कारण आकडे सारखे करून देण्याची सवय असलेला माणूस या कामात धोकादायक ठरतो.

पहिली पायरी: हाताची साधने

सुरुवातीचे काही दिवस शिकणाऱ्याला सीएमएमच्या जॉयस्टिकला हात लावू देऊ नये. या काळात ०.०२ मिमी लघुत्तम मापाचा व्हर्निअर, ०.०१ मिमीचा मायक्रोमीटर, बोअर डायल गेज, लिव्हर डायल, हाइट गेज आणि स्लिप गेज (ठरावीक लांबीचे अतिशय अचूक ठोकळे) यांवर त्याचा हात बसवावा. स्लिप गेज एकमेकांना चिकटवण्याचा सराव आवर्जून करून घ्यावा. पृष्ठभागावर धुळीचा कण किंवा बोटाचा ठसा राहिला तर ते नीट चिकटत नाहीत, त्यामुळे स्वच्छतेचा धडा तोंडी सांगावा लागत नाही.

याच टप्प्यावर मापाचा वारसा समजावून सांगावा. आपल्या स्लिप गेजचे प्रमाणपत्र एनएबीएल या मान्यता मंडळाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेने दिलेले असते, त्या प्रयोगशाळेची मानके आणखी वरच्या मानकांशी ताडलेली असतात, आणि भारतात ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. प्रत्यक्ष प्रमाणपत्र हातात द्यावे, त्यातील अनिश्चिततेची ओळ, म्हणजे दिलेला आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते सांगणारी ओळ, दाखवावी आणि तिचा अर्थ त्याला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावा.

हाताची साधने आधी शिकवण्यामागे व्यावहारिक कारणही आहे. पुढे सीएमएमवर एखादा आकडा विचित्र आला की पडताळणीसाठी दुसरे मत लागते, आणि ते बोअर डायल किंवा मायक्रोमीटरच देऊ शकतो.

दुसरी पायरी: तापमान

या विषयाला प्रशिक्षणात अर्धा तास दिला जातो. तो अर्धा दिवस द्यावा. लांबीच्या मापनासाठी २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारले गेले आणि आज ते आयएसओ १ या मानकात आहे. ड्रॉइंगवर काही वेगळे लिहिलेले नसेल तर प्रत्येक माप २० अंशांवरचे आहे असे धरायचे असते. महाराष्ट्रात मे महिन्याच्या दुपारी शॉप फ्लोअर ३५ अंशांच्या पुढे जातो, हे लक्षात घेतले म्हणजे या एका ओळीचे वजन कळते.

हिशेब शिकणाऱ्याकडूनच करून घ्यावा. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशामागे सुमारे २३ मायक्रॉन वाढते, पोलाद सुमारे ११.५ मायक्रॉन. आपला ६२ मिमीचा बोअर ३२ अंशांवर मोजला, तर १२ अंशांच्या फरकामुळे तो सुमारे १७ मायक्रॉन मोठा दिसेल. एकूण मुभा ३० मायक्रॉनची, त्यातले निम्म्याहून अधिक केवळ उष्णतेने खाल्ले.

मग प्रयोग करावा. मशीनवरून नुकताच उतरवलेला जॉब धुऊन, पुसून लगेच सीएमएमवर लावावा, बोअर मोजावा, आणि त्यानंतर दर अर्ध्या तासाने तोच बोअर पुन्हा मोजून आलेखकागदावर बिंदू मांडायला सांगावेत. वक्र हळूहळू खाली येऊन सपाट होतो. तो जिथे सपाट झाला तेवढा वेळ त्या जॉबला खोलीत ठेवणे आवश्यक आहे, हे शिकणाऱ्याने स्वतः शोधलेले असते. तुम्ही फलकावर लिहिलेल्या सूचनेपेक्षा ते अधिक टिकते. यानंतर असा संवाद ऐकू येऊ लागला की धडा पोहोचला असे समजावे:

“सर, बोअर ६२.०३४ येतोय. रिजेक्ट लिहू का?”

“जॉब केव्हा आणलास आत?”

“आत्ताच, दहा मिनिटं झाली.”

“मग काय लिहायचं?”

“काहीच नाही सर. दुपारी परत लावतो.”

आधुनिक यंत्रांत तापमान भरपाईची सोय असते, पण ती जॉबचा धातू ओळखत नाही. प्रसरण गुणांक माणसाने भरावा लागतो. पोलादाचा जॉब झाल्यावर ३०० मिमी लांबीचा ॲल्युमिनियम जॉब लावला आणि गुणांक पोलादाचाच राहिला, तर २५ अंश तापमानाला सुमारे १७ मायक्रॉनची चूक होते, आणि रिपोर्टवर ‘भरपाई केलेली आहे’ असेच छापून येते. भरपाईवर विसंबण्यापेक्षा खोली नीट राखणे बरे. रात्री वीज वाचवण्यासाठी एसी बंद करून सकाळी साडेआठला मापन सुरू करण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. हवा तासाभरात थंड होते, पण ग्रॅनाइटचे टेबल आणि यंत्राचा सांगाडा होत नाही. हा निर्णय शिकणाऱ्याच्या हातात नसतो, म्हणून पर्यवेक्षकाने तो व्यवस्थापनाकडून सोडवून घ्यावा.

तिसरी पायरी: यंत्राची ओळख

हा भाग लवकर आटोपता येतो. यंत्राचे सरकते भाग हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगतात, म्हणून त्याला कोरडी आणि तेलविरहित हवा लागते. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी वाढते. ड्रायर चालू आहे का, फिल्टरच्या वाटीत पाणी साचले आहे का आणि दाब निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेत आहे का, हे तीन प्रश्न यंत्र सुरू करण्यापूर्वी रोज विचारले गेले पाहिजेत. हवा नसताना ब्रिज, म्हणजे यंत्राची सरकती कमान, हाताने ढकलू नये. मार्गिका आणि टेबल निर्मात्याने सांगितलेल्या द्रवाने, बहुधा आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावे. ओले फडके फिरवू नये. टेबलावर चहाचा कप, पाना किंवा फाइल ठेवायची नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून पहिल्याच दिवसापासून पाळून घ्यावे.

त्यानंतर जॉयस्टिक द्यावी. एक-दोन सत्रे केवळ हालचालींचा सराव असावा: प्रोब (जॉबला स्पर्श करून संकेत देणारा भाग) जॉबपासून दूर नेणे, पृष्ठभागाला काटकोनात स्पर्श करणे, आणि आणीबाणीचे लाल बटण न बघता हाताला सापडणे.

चौथी पायरी: प्रोब आणि स्टायलस

स्पर्श होताच संकेत देणारा प्रोब १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी ब्रिटनमध्ये रोल्स-रॉईसमध्ये काम करताना तयार केला; कॉन्कॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनातील बारीक नळ्या मोजताना त्या दाबल्या न जाता माप मिळावे, ही त्यामागची गरज होती. ही माहिती परीक्षेत विचारण्याजोगी नाही, पण प्रोबचा स्पर्श इतका हलका का असतो आणि तो घट्ट आवळलेल्या किंवा वाकलेल्या स्टायलसने (प्रोबला लावलेली, टोकाला गोळा असलेली दांडी) का बिघडतो, हे सांगताना ती उपयोगी पडते.

स्टायलस निवडण्याचे नियम थोडे आहेत: शक्य तितका आखूड, शक्य तितका ताठ, कमीत कमी जोड असलेला आणि फीचरमध्ये (मोजायच्या छिद्रात किंवा खाचेत) बसेल तेवढा मोठा गोळा असलेला. लांब एक्स्टेन्शन सोयीचे वाटते म्हणून कायम लावून ठेवण्याची सवय लागू देऊ नये. गोळा बहुधा कृत्रिम माणकाचा असतो. ॲल्युमिनियमवर सतत स्कॅनिंग केल्यास माणकाच्या गोळ्यावर धातूचा लेप चढतो, म्हणून अशा कामासाठी सिलिकॉन नायट्राइडचा गोळा वापरतात. स्पर्श करून बिंदू घेण्याच्या कामात ही अडचण क्वचित येते.

आता कॅलिब्रेशन. प्रमाणित व्यासाच्या मास्टर बॉलवर प्रोबने अनेक बिंदू घेतले की सॉफ्टवेअर स्टायलसचा परिणामी व्यास काढते. तो गोळ्याच्या नाममात्र व्यासापेक्षा किंचित कमी येतो, कारण स्पर्श झाल्यापासून संकेत मिळेपर्यंत स्टायलस थोडा वाकतो. ‘३ मिमीचा गोळा आहे, मग ३.००० का येत नाही?’ हा प्रश्न शिकणाऱ्याने विचारला नाही तर तुम्ही विचारावा. प्रत्येक कोनासाठी, प्रत्येक स्टायलससाठी हे कॅलिब्रेशन वेगळे करावे लागते, आणि स्टायलस बदलल्यावर, टक्कर झाल्यावर किंवा खोलीच्या तापमानात मोठा बदल झाल्यावर ते पुन्हा करावे लागते.

कॅलिब्रेशननंतर सॉफ्टवेअर व्यासासोबत आकारदोषाचा किंवा विचलनाचा एक आकडाही दाखवते, ज्याकडे बहुतेक जण पाहत नाहीत. या आकड्याची मर्यादा तुमच्या यंत्राच्या क्षमतेनुसार ठरवावी, ती यंत्राजवळ लिहून ठेवावी आणि प्रत्येक वेळचा आकडा नोंदवहीत लिहायला लावावा. यासाठी एक छोटा सराव आहे: मास्टर बॉलवर बोटाने तेलाचा ठसा उमटवून ठेवावा, काही न सांगता कॅलिब्रेशन करायला द्यावे आणि हा आकडा वाढलेला शिकणाऱ्याच्या नजरेस येतो का ते पाहावे. दुसऱ्या दिवशी स्टायलसचा जोड अर्धा फेरा सैल करून तोच सराव द्यावा. दोन्हींमधला फरक, म्हणजे घाण आणि सैलपणा यांचे वेगवेगळे वागणे, त्याला चार-पाच प्रयत्नांत ओळखू येऊ लागते.

पाचवी पायरी: अलाइनमेंट

अलाइनमेंट म्हणजे जॉब टेबलावर कुठे आणि कसा बसला आहे ते बिंदू घेऊन यंत्राला सांगणे. सीएमएमवरचे बहुतेक चुकीचे रिपोर्ट इथे जन्म घेतात, म्हणून या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा. मोकळ्या वस्तूच्या अवकाशात सहा स्वतंत्र हालचाली असतात: तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे. सपाट पृष्ठभागावर किमान तीन बिंदू घेतले की त्यांपैकी तीन हालचाली बांधल्या जातात, बाजूच्या कडेवर किमान दोन बिंदू घेतले की आणखी दोन, आणि उरलेल्या दिशेला एक बिंदू घेतला की शेवटची. यालाच तीन-दोन-एक पद्धत म्हणतात. हे फळ्यावर समजावण्याऐवजी सरफेस प्लेटवर एक चौकोनी ठोकळा ठेवावा, एक-एक आधार लावत जावे आणि प्रत्येक टप्प्याला ‘आता तो कुठे हलू शकतो?’ असे विचारावे.

कोणता पृष्ठभाग पहिला, कोणता दुसरा, हे ऑपरेटरने सोयीने ठरवायचे नसते. ते ड्रॉइंगवरील डेटमच्या क्रमाने ठरते. शिकणाऱ्याला आपले हाउसिंग द्यावे, ड्रॉइंगप्रमाणे फेसला ‘ए’, मुख्य बोअरला ‘बी’ आणि डॉवेल होलला ‘सी’ धरून बोल्ट होलची पोझिशन काढायला सांगावी. मग जाणीवपूर्वक ‘बी’ आणि ‘सी’ ची अदलाबदल करून तेच होल पुन्हा मोजायला सांगावे. जॉब तोच, बिंदू तेच, आणि निकाल वेगळा. याचे कारण त्याला सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

आखूड डेटमचा धोकाही आकड्यांत दाखवावा. केवळ २० मिमी अंतरावरच्या दोन बिंदूंवरून अक्षाची दिशा ठरवली आणि त्यांपैकी एका बिंदूत खडबडीतपणामुळे ४ मायक्रॉनची चूक आली, तर २०० मिमी दूर असलेल्या होलपर्यंत ती ४० मायक्रॉन होते. बिंदू जितके दूरदूर घेता येतील तितके घ्यावेत, एवढेच यातून निघते, पण घाईत असलेला ऑपरेटर नेमके उलटे करतो, कारण जवळचे बिंदू लवकर होतात.

पोझिशनचा हिशेबही एकदा कागदावर करून घेणे आवश्यक आहे. पोझिशन टॉलरन्स, म्हणजे होलचा मध्य ज्या वर्तुळात राहायला हवा त्याचा व्यास, ०.१ मिमी आहे. होल एक्स दिशेला ०.०३ आणि वाय दिशेला ०.०५ सरकलेले आहे. ‘दोन्ही ०.०५ च्या आत आहेत, म्हणजे ओके’ असे उत्तर हमखास येते. प्रत्यक्षात दोन्ही विचलनांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की ०.११७ येते आणि जॉब बाहेर जातो. सॉफ्टवेअर हे गणित स्वतःच करते. तरीही ते हाताने केलेल्या माणसाला सेटरने, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याने, येऊन ‘दोन्ही अक्ष आत आहेत, मग रिजेक्ट कसा?’ असे विचारल्यावर उत्तर देता येते.

जॉब बांधण्याविषयी इथेच सांगावे. पातळ भिंतीचा जॉब क्लॅम्पने आवळला तर आपण जॉब नव्हे, वाकलेला जॉब मोजतो. क्लॅम्प फक्त हलू न देण्यापुरता असावा आणि तो खालच्या आधाराच्या नेमका वर यावा. शंका असेल तर क्लॅम्प सैल करून तोच फेस पुन्हा मोजावा.

सहावी पायरी: किती बिंदू, आणि कोणता व्यास

वर्तुळाला गणिताने तीन बिंदू पुरतात. तीन बिंदूंतून नेहमीच अचूक वर्तुळ जाते, म्हणून तीन बिंदूंनी मोजलेल्या बोअरची गोलाई कायम शून्य दोषाची दिसते, मग बोअर कसाही असो. या वाक्याचा अर्थ पटण्यासाठी पुढचा प्रयोग मी सर्वांत उपयुक्त मानतो.

पातळ भिंतीची एक रिंग तीन जबड्यांच्या चकमध्ये जोरात आवळून बोअर करवून घ्यावी. चकमध्ये असताना बोअर गोल असतो. जबडे सोडले की भिंत परत येते आणि बोअर तीन बाजूंना किंचित फुगलेला होतो. ही रिंग शिकणाऱ्याला आधी बोअर डायलने मोजायला द्यावी. बोअर डायल समोरासमोरचे दोन बिंदू मोजतो, आणि तीन फुगवट्यांच्या आकारात एका बाजूच्या फुगवट्यासमोर दुसऱ्या बाजूचा खोलगटपणा येत असल्याने काटा फारसा हलत नाही. शिकणारा ‘बोअर गोल आहे’ असे लिहितो. मग सीएमएमवर तीन बिंदू घ्यायला सांगावेत, गोलाईचा दोष शून्य येतो आणि त्याची खात्री आणखी पक्की होते. त्यानंतर तिथेच चोवीस किंवा अधिक बिंदू घेऊन गोलाईचा आलेख पडद्यावर आणावा. तीन फुगवटे स्पष्ट दिसतात, आणि आधीची दोन्ही उत्तरे एकाच जॉबबद्दल होती हे त्याच्या लक्षात येते. आता ही चूक चकच्या जबड्यांपर्यंत मागे नेऊन दाखवण्याचे काम त्याच्यावरच सोपवावे.

यालाच जोडून एक तक्रार समजावता येते, जी प्रत्येक कारखान्यात कधी ना कधी येते: सीएमएम म्हणते बोअर टॉलरन्समध्ये आहे, पण प्लग गेजची ‘गो’ बाजू, जी चांगल्या बोअरमध्ये जायलाच हवी, आत जात नाही. अशा वेळी दोघांपैकी एक खोटे बोलत आहे असे मानून भांडण सुरू होते. बहुतेक सॉफ्टवेअर मूळ निवडीनुसार लीस्ट स्क्वेअर पद्धतीने, म्हणजे सर्व बिंदूंच्या सरासरीच्या जवळून जाणारे वर्तुळ काढते. प्लग गेजला मात्र बोअरच्या आतल्या उंचवट्यांवर अडकावे लागते, त्यामुळे तो बोअरमध्ये मावणाऱ्या सर्वांत मोठ्या वर्तुळाचा व्यास जाणतो. बसवणीच्या बोअरसाठी सॉफ्टवेअरमध्ये ही दुसरी निवड कुठे आहे ते दाखवावे, आणि कोणती पद्धत वापरायची ते ग्राहकाशी ठरवून प्रोग्राममध्ये लिहून ठेवावे.

सातवी पायरी: प्रोग्राम

आता सॉफ्टवेअर. पीसी-डीमिस असो, कॅलिप्सो असो किंवा दुसरे काही, इथवर आलेल्या माणसाला मेनू शोधणे जड जात नाही. मेनू इंग्रजीत असतात. त्यांची भाषांतरे पाठ करून घेण्याची गरज नाही, पण प्रत्येक आज्ञा काय करते ते मराठीत, आणि पाळीतला कर्मचारी परप्रांतातला असेल तर हिंदीत, एका वहीत त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावे.

सुरक्षेचे दोन मुद्दे ठाम असावेत. एका फीचरकडून दुसऱ्याकडे जाताना प्रोबने जॉबच्या वर ठरवलेल्या सुरक्षित पातळीवर येऊनच पुढे जावे, आणि नवीन किंवा बदललेल्या प्रोग्रामची पहिली फेरी सर्वांत कमी वेगाने, हात थांबवण्याच्या बटणावर ठेवून घ्यावी. तरीही टक्कर होईल. झाल्यावर शिकणाऱ्याने ती लपवू नये यासाठी, टक्कर नोंदवल्याबद्दल कोणालाही रागावायचे नाही असा नियम विभागप्रमुखाने सर्वांसमोर जाहीर करणे फायद्याचे ठरते. लपवलेल्या टक्करीनंतर वाकलेल्या स्टायलसने मोजलेला लॉट फार महाग पडतो.

प्रोग्राम चालवण्याचा आणि बदलण्याचा अधिकार वेगवेगळा ठेवावा. नवशिक्याला चालवण्याचा पासवर्ड मिळावा. बदलाचा अधिकार पुढच्या परीक्षेनंतर.

आठवी पायरी: परीक्षा आणि अधिकार

वाहन उद्योगाला माल देणाऱ्या कारखान्यांना आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकानुसार मापन पद्धतीचा सांख्यिकी अभ्यास करावाच लागतो, आणि तोच प्रशिक्षणाची परीक्षा म्हणून वापरता येतो. नेहमीच्या पद्धतीत दहा जॉब, तीन माणसे आणि प्रत्येकी दोन किंवा तीन फेऱ्या असतात. गेज आर अँड आर, म्हणजे मापन पद्धतीमुळेच येणाऱ्या फरकाचा वाटा, १० टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत स्वीकारार्ह, १० ते ३० मध्ये परिस्थितीनुसार, आणि ३० च्या पुढे अस्वीकार्य, असे एआयएजी या अमेरिकी वाहन उद्योग संघटनेच्या एमएसए (मापन पद्धतीचे विश्लेषण) पुस्तिकेचे निकष आहेत.

सीएमएमवर हा अभ्यास करताना एक पळवाट फार प्रचलित आहे. जॉब एकदा लावून प्रोग्राम तीन वेळा चालवला जातो, टक्केवारी अर्थातच सुंदर येते, आणि ऑडिटरही समाधानी होतो. अशा अभ्यासात माणसाची परीक्षा होतच नाही, कारण माणसाचा हात पुसण्यात, ठेवण्यात, बांधण्यात आणि हाताने घेतलेल्या पहिल्या अलाइनमेंटमध्ये असतो. म्हणून प्रत्येक फेरीला जॉब उतरवून, पुसून, पुन्हा बांधून, अलाइनमेंट नव्याने घेऊनच मोजावे. आकडा वाढेल; पण तो खरा असेल.

याखेरीज एक अंध चाचणी घ्यावी. प्रमाणपत्र असलेली मास्टर रिंग, प्रमाणपत्र झाकून, मोजायला द्यावी आणि उत्तर यंत्राच्या जाहीर मर्यादेशी ताडावे. आयएसओ १०३६० नुसार ही मर्यादा लांबीवर अवलंबून लिहिली जाते, उदाहरणार्थ १.८ अधिक ३ एल भागिले १००० मायक्रॉन असे लिहिलेले असेल आणि एल मिलिमीटरमध्ये असेल, तर ३०० मिमीला ती २.७ मायक्रॉन होते. हे सूत्र वाचता येणे, आणि ते प्रयोगशाळेच्या चांगल्या परिस्थितीतले आहे हे समजणे, ही अधिकार देण्याची अट असावी.

शेवटचा प्रश्न काठावरच्या जॉबचा. बोअर ६२.०२९ आला, मर्यादा ६२.०३०, आणि तुमच्या मापनाची अनिश्चितता ३ मायक्रॉन आहे. हा जॉब पास आहे का? आयएसओ १४२५३-१ या मानकामागच्या तत्त्वानुसार माल देणाऱ्याने अनिश्चितता स्वतःच्या बाजूने वजा करून मगच जॉब पास म्हणायचा असतो, म्हणजे इथे ६२.०२७ पर्यंतच. पाळीच्या शेवटी, गाडी गेटवर उभी असताना, उत्पादन विभागाचा माणूस खांद्यामागे येऊन थांबतो तेव्हा एकट्या नव्या निरीक्षकाकडून या नियमाच्या पालनाची अपेक्षा करणे योग्य नाही. काठावरच्या जॉबचा निर्णय कोण घेणार, त्याचे पद आणि रात्रपाळीत त्याचा फोन क्रमांक, हे लेखी असावे, आणि निरीक्षकाने फक्त आकडा, तापमान, जॉब आत आणल्याची वेळ आणि वापरलेला स्टायलस एवढे लिहून त्याच्याकडे पाठवावे.

अधिकार दिल्यावर स्किल मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कोणाला कोणते काम येते त्या तक्त्यात, नोंद करावी. मोठी सुट्टी, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, मोठी टक्कर किंवा ग्राहकाच्या आणि आपल्या मापात आलेला न सुटलेला फरक, यांपैकी काहीही घडले तर मास्टर रिंगची अंध चाचणी पुन्हा घ्यावी आणि तिचा निकाल येईपर्यंत त्या माणसाच्या रिपोर्टवर दुसऱ्याची सही घ्यावी.